हात लावील त्याचा वाटा

घरातल्या सेफ्टी पिनांविषयी माझे एक निरीक्षण आहे. त्या मुद्दाम विकत आणल्याचे कोणालाच आठवत नाही. तरी एखादा जुना डबा उघडावा, तर त्यात मूठभर पिना निघतात, आणि त्याही एकमेकींत अडकलेल्या. एक उचलली की चार वर येतात. किस्स्यांचेही तसेच असते. ते कोणी साठवायला जात नाही. पण परवा टीव्ही पाहताना एक पिन उचलली गेली आणि बाकीच्या मागोमाग आल्या.

त्याचे असे झाले. माझ्या भाचीच्या घरी टीव्हीवर तातडीची मदत करणाऱ्या वैद्यकीय पथकांचे माहितीपट लागतात. मी ते चुकवत नाही. मी स्वभावाने संशयी आहे. साबणाच्या जाहिरातीवर, ज्योतिषावर आणि 'अगदी पाच मिनिटांत येतो' म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. या पथकांपुढे मात्र मी हात टेकले आहेत. गाडी थांबते. चौघे उतरतात. एक मान धरतो, दुसरा नाडी बघतो, तिसरा नळी लावतो, चौथा बाजूला उभा राहून सगळ्यांकडे लक्ष ठेवतो. 'जरा सरका, मीही धरतो,' असे कोणी म्हणत नाही. येथे माझे डोळे भरून येतात. भाचीला वाटते, मावशी जखमी माणसासाठी रडते.

मी रडते ती त्या चौघांना पाहून. फक्त चौघे! कारण एके काळी असे एक पथक मीही चालवले आहे.

* * *

ही हकिगत एकोणीसशे पन्नासचे दशक संपता संपतानाची. मी मूळची वालावलची. मुंबईला बी.एस्सी. झाले आणि तारकर्लीच्या पुढे, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या एका मच्छीमार गावात, नव्यानेच निघालेल्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले. गावाला रस्ता नव्हता. मालवणला जायचे तर वाळू तुडवत जायचे, नाहीतर होडीने.

गाव रापणीवर जगत असे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांनी ओढायच्या. मिळालेल्या मासळीचे वाटे गावाचे प्रमुख दाजी तांडेल करीत. नियम एकच होता: दोरीला जो हात लावील, त्याला वाटा. वाटसरूने लावला तर त्यालाही. जे हात न लावता किनाऱ्यावर उभे राहून नुसते ओरडत, त्यांनाही दाजी रिकाम्या हाताने पाठवत नसत. त्यांना अर्धा वाटा मिळे. मुंबईत राज्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत मी जे ऐकले होते, त्यापेक्षा ही व्यवस्था मला अधिक सुसंगत वाटली. तिचा पुढे मलाच उपद्रव होईल, हे तेव्हा सुचले नाही.

दिवाळीनंतर सरकारची प्रचारगाडी तारकर्लीकडे जायला निघाली आणि वाट चुकून आमच्या वाळूत रुतली. दाजींनी रापणीची दोरी बांधली, सगळा गाव लागला आणि गाडी बाहेर आली. गाडीतल्या अधिकाऱ्याने आभार मानले आणि तो निघणार, तोच दाजी गाडीपुढे उभे राहिले.

"साहेबानू, वाटो?"

"कसला वाटा?"

"दोरयेक हात लागलो मा. गाडयेत काय आसा?"

"सिनेमाची यंत्रं आहेत."

"मगे सिनेमाचो वाटो द्या."

अधिकारी माझ्याकडे पाहू लागला. सुशिक्षित बाई आहे, समजूत घालील, अशी त्याची अपेक्षा असावी. मी त्याला नियम समजावून सांगितला. त्या संध्याकाळी तारकर्लीत व्हायचा खेळ आमच्या किनाऱ्यावर झाला, होडीचे शीड दोन माडांना बांधून.

दोन माहितीपट होते. पहिला भाताच्या सुधारित बियाण्याचा. आमच्या वाळूत भाताची काडी उगवत नसे, तेव्हा लोकांनी तो गप्पा मारत पाहिला. दुसरा परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या पथकाचा. त्यातले निवेदन इंग्रजी होते, आणि शिडाला मधोमध ठिगळ असल्यामुळे मुख्य डॉक्टरच्या चेहऱ्यावर सतत एक शिवण दिसत होती. पण घंटा वाजवीत धावणारी गाडी, उड्या टाकून उतरणारे पांढरे कपडे, तोंडावर नळी लावलेला निपचित रोगी, आणि शेवटी तोच रोगी बिछान्यावर बसून हसतो आहे! किनाऱ्यावर कोणी खोकलेसुद्धा नाही.

संपल्यावर दाजी म्हणाले, "परत लावा."

"भाताचा?" अधिकाऱ्याने विचारले.

"नाय. ते धावतत तो."

तो तीनदा लागला.

* * *

दाजींना त्या सिनेमात काय दिसले, ते मला रुक्मिणीकाकूंनी सांगितले. मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होते. त्या मासे विकत, आणि त्यांचा आवाज असा होता, की त्या स्वयंपाकघरात कुजबुजल्या तरी मी अंगणात उत्तर देत असे.

"दाजीची सून सुलू माहीत आसा मा तुमका? तिचा पयला पोर गेला. अडली होती. मालवणाक न्हेवची होती. पण पुरुष सगळे दोरयेर. निरोप इलो, तर दाजीच म्हणालो, एवढी ओढ होवंदे. ओढ झाली, तवसर उशीर झालो." मग भांडे जरा जोरात ठेवून त्या म्हणाल्या, "आता परत दिवस गेलेत. शिमग्याच्या सुमाराक होतली."

सुलूचा नवरा मुंबईला गिरणीत होता. घरात ती आणि दाजी.

दुसऱ्या दिवशी दाजी शाळेत आले. माझ्या समोरच्या बाकावर, सातवीच्या मुलांत, गुडघे वर करून बसले.

"बाईनू, आमका तसा पथक करूक व्हया. शिमग्याच्या आदी."

मी हो म्हटले. माझ्याकडे कॉलेजात मिळवलेले प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र होते. ते एका खांद्याचे हाड मोडलेल्या मैत्रिणीला त्रिकोणी पट्टी बांधून मिळवले होते. मैत्रिणीचे हाड अर्थातच शाबूत होते. प्रत्यक्ष मोडलेले हाड मी तोवर पाहिले नव्हते आणि पाहण्याची इच्छाही नव्हती. पण 'आमच्या बाईंकडे सर्टिफिकेट आहे' ही गोष्ट गावात इतकी पसरली, की मलाही हळूहळू आपण जाणकार आहोत असे वाटू लागले.

मी फळ्यावर आकृती काढली. एक बाज. चार कोपऱ्यांना चार माणसे. पुढे वाट मोकळी करणारा एक. मागे सूचना देणारी मी, शिटीसह.

"चारच?" दाजींनी विचारले.

"चारच. जास्त माणसे झाली की पावले एकसारखी पडत नाहीत. हा बलांचा नियम आहे."

"बरा," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर शिटी वाजवली. चाळीसएक माणसे धावत आली आणि बाजेला भिडली. ज्यांना बाज पोहोचेना, त्यांनी बाज धरलेल्यांच्या कमरा धरल्या. ज्यांना कमरा मिळाल्या नाहीत, त्यांनी एक एक बोट तरी कुठेतरी टेकवले.

"चौघेच!" मी ओरडले.

कोणी हात काढीना. मी एकाला नाव घेऊन सांगितले, की तू बाजूला हो. तो दुखावला. "बाईनू, माका कित्याक? मी काय केलंय?"

मी दाजींकडे पाहिले. दाजी शांतपणे म्हणाले, "हात काढलो तर वाटो जातलो मा."

"अहो, पण येथे वाटा कसला? ही मासळी आहे का?"

मी बलांचा नियम पुन्हा समजावून सांगितला. सगळ्यांनी बाज न सोडता, माना हलवत, मन लावून ऐकला.

* * *

सराव करायला रोगी हवा होता. त्या जागेवर शांतारामचा हक्क निर्विवाद होता.

शांताराम गावचा शिंपी. पूर्वी मुंबईला असताना त्याचे अपेंडिक्स काढले होते. इस्पितळाच्या टेबलावर पडून परत आलेला गावातला तो एकमेव माणूस, म्हणून वैद्यकीय बाबतीत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. बोलता बोलता सदरा वर करून तो पोटावरचा व्रण दाखवी. मी प्रथमोपचाराचे पहिले व्याख्यान दिले, तेव्हाही शेवटी त्याने सदरा वर केला आणि लोकांना माझ्या व्याख्यानापेक्षा तेच जास्त पटले.

सरावाच्या दिवशी आम्ही त्याला बाजेवर निजवले, वर कांबळे घातले आणि पडू नये म्हणून दोरीने बांधले. बाज थोडा वेळ आंब्याच्या झाडाखाली ठेवून मी सूचना दिल्या. शिटी वाजली. बाज उचलली. दहा पावले जातो न जातो, तोच शांताराम ओरडू लागला.

"अरे सोडा! माका सोडा!"

बाज थांबली नाही. शेजारून धावणाऱ्या रुक्मिणीकाकू त्याला म्हणाल्या, "सिनेमात पेशंट बोललो काय रे? मगे तू कित्याक बोलतस?"

"अगो काकी, मेलंय मी!"

"मेलंस तर उगी रव."

कोणालाही ते खोटे वाटले नाही. तीन वेळा पाहिलेल्या त्या सिनेमात रोग्याने शेवटपर्यंत तोंड उघडले नव्हते. त्यावरून रोग्याने बोलायचे नसते, असा या शास्त्राचा नियम ठरून गेला होता. शांताराम बांधलेल्या दोऱ्यांतून उसळत होता, विव्हळत होता, देवाची नावे घेत होता. गावचा एक पाहुणा माझ्याजवळ उभा होता. मी त्याला म्हणाले, "वेदना किती हुबेहूब दाखवतो आहे पाहा. सरावात असा गंभीरपणा असावा लागतो."

खाडीपाशी पोहोचल्यावर कांबळे काढले. आत हुंबले, म्हणजे आंब्याच्या झाडावरच्या त्या तांबड्या चावऱ्या मुंग्या, पायापासून मानेपर्यंत पसरल्या होत्या. व्रणही सुजला होता.

शांतारामने मला एवढेच सुनावले. "बाईनू, तुमी सर्टिफिकेट खंय घेतलास? थयसर परत जावा."

* * *

वाट मोकळी करायला घंटेची गाडी नव्हती. ते काम रुक्मिणीकाकूंकडे होते. ही निवड मी स्वतः, पूर्ण विचारांती केली होती: आवाज दूरवर जाणारा, आणि वापरायला कसलेही साधन लागत नाही.

हे काम मिळाल्यावरच्या पहिल्याच सरावात त्या बाजेच्या पुढे धावत निघाल्या. "वाट सोडाऽऽ! वाट सोडाऽऽ!"

बरोबर उलट झाले. घराघरांतून बायका टोपल्या, ताटे, परड्या, जे हाताला लागेल ते घेऊन वाटेत येऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षे तो आवाज आला, की मागोमाग मासळी येते, एवढेच त्यांना ठाऊक होते. शब्दांकडे कोण लक्ष देतो?

"काय गो काकी, बांगडो?"

"बांगडो नाय गो, पेशंट!"

"कसो दिलंस?"

मी पथकाची शिस्त म्हणून टोप्या, शिटी, पावलांची लय या सगळ्याचा विचार केला होता. या प्रश्नाचा केला नव्हता.

* * *

एक प्रसंग मी इतकी वर्षे कोणाला सांगितला नाही. आता सांगायला हरकत नाही; ज्याच्याबाबत घडला तो मला पुढे दरवर्षी राखीपौर्णिमेला नारळ आणून देत असे.

बुडालेल्या माणसाला कृत्रिम श्वास देण्याची तेव्हाची रीत अशी होती, की त्याला पालथे निजवायचे आणि पाठीवर दोन्ही तळव्यांनी ठरावीक लयीत दाब द्यायचा. पुस्तकातली आकृती मला पाठ होती. संधी मात्र आली नव्हती. एके सकाळी शाळेत जाताना किनाऱ्यावर, लाटेपासून जवळच, एक माणूस पालथा पडलेला दिसला. कपडे ओले. हाक मारली, उत्तर नाही. खांदा हलवला, उत्तर नाही.

परपुरुषाच्या पाठीवर हात ठेवायचा, तोही भर किनाऱ्यावर, हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. पण विज्ञान शिकलेल्या बाईने अशा वेळी मागे हटायचे, तर पदवी कशाला घेतली? मी पदर खोचला, गुडघे टेकले आणि सुरू केले. दाब, सोड. दाब, सोड. भोवती माणसे जमली. कोणी मला थांबवले नाही. सगळे अतिशय आदराने पाहत होते.

बऱ्याच वेळाने त्या माणसाने मान न उचलता म्हटले, "थोडा वयर. हां, थयच दुखता."

रात्रभर मासेमारी करून तो किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या झोपी गेला होता.

त्या आठवड्यात माझ्या शाळेच्या वाटेवर रोज कोणी ना कोणी पालथे पडलेले असे. मी दुसऱ्या वाटेने जाऊ लागले.

* * *

शिमगा जवळ आला तसे दाजी कमी बोलू लागले. सुलू विहिरीवर दिसली की ते तिथून निघून जात. एकदा त्यांनी मला विचारले, "बाईनू, तुमचा पथक येळार येतला मा?"

"येईल," मी म्हणाले. दुसरे काय म्हणणार? माझ्या पथकात चौघांच्या जागी चाळीस जण होते, रोग्याला बोलायची बंदी होती आणि घंटा वाजली की गिऱ्हाइके जमत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

तो दिवस शिमग्याच्या दोन-तीन दिवस आधीचा. सकाळची वेळ. रुक्मिणीकाकू धापा टाकत शाळेत आल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकले. "सुलूक कळो येतत. तसाच झाला हा. आदीसारक्या."

मी शिटी घेऊन किनाऱ्यावर धावले. तेथे मला दिसले, की रापण अर्ध्यावर आली आहे. दोन्ही दोऱ्यांवर सगळा गाव. पाणी काळसर दिसत होते. मासळी भरपूर होती. अशी रापण हंगामात एखाददुसरी लागते. दोऱ्या सोडल्या, तर मासळी जाईलच आणि जाळेही पाण्याच्या ओढीबरोबर जाईल.

मी शिटी वाजवली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, मग दाजींकडे. दोरी कोणी सोडली नाही.

"दाजी, सुलू—" मी एवढेच म्हणाले.

दाजी दोरीच्या टोकाशी होते. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिले.

"दोरी सोडा," ते म्हणाले.

"दाजी," मागून कोणीतरी म्हणाले, "जाळा भरलेला आसा."

"म्हावरा परत येतला. सोड."

आणि त्यांनी पहिला हात काढला.

* * *

त्यानंतरचे वर्णन मला नीट करता येत नाही. आकृतीप्रमाणे काहीही झाले नाही. दाजींच्या दारात बाज आली, सुलूला तिच्यावर निजवले आणि चाळीस माणसे बाजेला भिडली. मी 'चौघेच' म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. बाज वाळूवरून गेली ती पाण्यावरून गेल्यासारखी. एकाचा पाय रुतला, तर बाकीच्यांना कळतही नव्हते. बलांचा नियम मी त्यानंतर वर्गात जरा सांभाळून शिकवला.

अडचण आली ती होडीपाशी. एका होडीत चाळीस जण मावत नाहीत, आणि हात काढायला कोणी तयार नाही. मी शिटी वाजवून, ओरडून, विनवून दमले. शेवटी दाजींनी तीन होड्या एकीमागून एक दोरीने बांधल्या. सुलूची बाज पहिल्या होडीत. मागच्या दोन होड्यांतल्या लोकांनी ती दोरी धरली. ओढायला नव्हे, नुसती धरली.

पथकप्रमुख म्हणून मी पहिल्या होडीत होते. माझी एक माहिती सांगायची राहिली. मी वालावलची, तिथल्या खाडीत, तळ्यात मी निर्धास्त असते. समुद्रात मात्र मला होडी लागते. किनारा सुटला आणि मी सुलूच्या शेजारी आडवी झाले. थोड्या वेळाने सुलूनेच माझा हात धरला. "बाईनू, डोळे मिटा. लाटेकडे बघू नकात," असे ती दोन कळांच्या मध्ये मला सांगत होती.

मालवणच्या धक्क्याला आमच्या आधी रुक्मिणीकाकूंचा आवाज लागला. त्यामुळे एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहातून दोन माणसे स्ट्रेचर घेऊन आली होती. त्यांच्यामागे टोपल्या घेऊन पाच-सहा बायकाही होत्या, ते सोडून द्या. त्या दोघांनी होडीत पाहिले. दोन बायका आडव्या. एक घामेजलेली, पण शुद्धीवर, इकडेतिकडे बघणारी. दुसरी पांढरीफटक, डोळे फिरवलेली. त्यांनी वैद्यकीय दृष्ट्या योग्य तो निर्णय घेतला आणि मला स्ट्रेचरवर घातले.

"अहो, मी नाही," मी म्हणाले. "रोगी ती आहे. मी पथकप्रमुख आहे."

स्ट्रेचरबरोबर चालणारा शांताराम माझ्यावर वाकला. त्याच्या मानेवर हुंबल्यांच्या खुणा अजून होत्या.

"पेशंट बोलूचो नाय," तो म्हणाला.

सुलू आमच्या पाठोपाठ आली, आपल्या बाजेवर, चाळीस माणसांच्या हातांवर. आणि माझ्या स्ट्रेचरला मागे टाकून दारातून आधी आत गेली.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन दाजींना म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. आणखी उशीर झाला असता तर—"

"झालो नाय मा?" दाजी म्हणाले.

"नाही झाला."

"मगे र‍व दे." आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

* * *

जाळे दोन दिवसांनी दुसऱ्या गावाच्या किनाऱ्याला लागले, फाटलेले. मासळीचा प्रश्नच नव्हता. तरी त्या संध्याकाळी सगळे सवयीने माडाखाली जमले, जेथे दाजी वाटे करीत. मीही गेले होते, जरा दूर उभी होते.

"दाजी," शांताराम म्हणाला, "आज वाटूक काय आसा?"

दाजींनी घराकडे पाहिले.

"जा मेळला, ता वाटूया," ते म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले; मिळाले तेच वाटायचे, ही मला थट्टा वाटली.

सुलू माहेरी जाऊन पावसाळ्यानंतर परत आली आणि पुन्हा टोपली घेऊन बाजाराला जाऊ लागली. एके दिवशी मी सदऱ्याचे माप द्यायला निघालेल्या मुलांबरोबर शांतारामच्या दुकानात गेले, तर मशीनच्या बाजूला कापडाच्या ढिगावर ती मुलगी निजलेली. शांताराम पायाने मशीन चालवीत तिला व्रण दाखवत होता. दुसऱ्या दिवशी ती रुक्मिणीकाकूंच्या मांडीवर होती आणि काकू तिच्याशी कुजबुजत होत्या. मी शाळेत ऐकले. त्यानंतर ती कधी होडीच्या सावलीत दिसे, कधी ज्याला मी 'बाजूला हो' म्हटले होते त्याच्या खांद्यावर. रोज वेगळ्या घरी.

मग एका सकाळी मी सातवीला तरफेचे प्रकार शिकवत होते. दारात सुलू उभी. डोक्यावर टोपली, काखेत मुलगी. ती आत आली, माझ्या टेबलावरची पुस्तके एका हाताने सरकवली आणि मुलीला मधोमध ठेवले.

"बाईनू, आज तुमचो वाटो."

मी म्हणाले, "अगं सुलू, पण मी तर बाजेला हातही लावला नव्हता. मी नुसती शिटी वाजवत ओरडत होते."

"होय तर," टोपली सावरत सुलू म्हणाली. "म्हणानच अर्धो. दुपारपर्यंत ठेवा."